‘सहकुटुंब पाहावा’ म्हणजे नेमके कोणी पाहावा?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

शाळांना सुट्ट्या लागल्या की आपल्या वृत्तपत्राच्या चित्रपट पुरवणीत एखाद्या ॲनिमेशनपटाचे परीक्षण हमखास येते आणि त्याच्या शेवटी ‘सहकुटुंब पाहावा’ किंवा ‘बच्चेकंपनीला नक्की आवडेल’ असे एक वाक्य असते. त्या एका वाक्याच्या भरवशावर पुण्यातील कितीतरी पालक तिकिटे काढतात, आणि ज्यांना चित्रपटगृहात जाणे जमत नाही ते तोच चित्रपट पुढे कधीतरी घरी मोबाइलवर मुलांच्या हाती देतात. मी कोथरूडमधील एका बालवाडीत अनेक वर्षे शिकवले. रविवारी मुलांनी काय पाहिले ते सोमवारी त्यांच्या खेळावरून कळत असे, आणि ‘ताई, हा सिनेमा आमच्या चार वर्षांच्या मुलीला दाखवू का?’ हा प्रश्न पालक वारंवार विचारत. कौटुंबिक विनोदी ॲनिमेशनपटाच्या बाबतीत मात्र हा प्रश्न सहसा कोणी विचारत नसे. ‘कार्टूनच तर आहे, शिवाय आई-बाबा-मुलांची गोष्ट आहे’ असे म्हणून तो आधीच निकालात निघालेला असे. या निर्धास्तपणाला फारसा आधार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे आणि त्याविषयी थोडे विस्ताराने लिहू इच्छिते.

चित्र काढून सांगितलेली गोष्ट म्हणजे लहान मुलांची गोष्ट, हा समज मुळात मराठी वाचकाने तरी बाळगू नये. १९६० साली ‘मार्मिक’ निघाले ते व्यंगचित्रांचे साप्ताहिक म्हणूनच, आणि ते मुलांसाठी आहे असे कोणाच्या मनातही आले नसेल. आपल्या पुण्याच्या शि. द. फडणीसांनी दिवाळी अंकांची मुखपृष्ठे केली आणि बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांसाठीही चित्रे काढली. हात तोच, रेषाही तीच. परंतु एक चित्र कोणासाठी आणि दुसरे कोणासाठी, हे त्यातील आशयावरून ठरले. चित्रपटाला हाच न्याय लावायला हवा. आपल्या घराघरांत पाहिल्या गेलेल्या ‘शिन-चॅन’ या जपानी मालिकेचा नायक पाच वर्षांचा आहे, पण ती चित्रकथा १९९० मध्ये सुरू झाली ती प्रौढ वाचकांच्या साप्ताहिकात. मोठ्यांच्या जगातील संकोच, नवरा-बायकोची कुरबूर, शेजाऱ्यांसमोर होणारी फजिती हे सगळे एका उद्धट पोराच्या तोंडून ऐकताना मोठ्यांना गंमत वाटावी, अशी तिची घडण आहे. आपल्याकडे ती मुलांच्या वाहिनीवर आली आणि नायकाच्याच वयाची मुले ती पाहू लागली. २००८ मध्ये केंद्र सरकारने तिच्या प्रक्षेपणावर बंदी घातली, आणि पुढे काटछाट होऊन ती परत आली. माझा आक्षेप मालिकेवर नाही. पाच वर्षांच्या मुलाविषयीची गोष्ट आणि पाच वर्षांच्या मुलासाठीची गोष्ट यांत अंतर असते, आणि ते आपण कोणी पाहिले नाही, एवढेच मला दाखवायचे आहे.

मग प्रमाणपत्र कशासाठी आहे, असे कोणी म्हणेल. त्याचा उपयोग आहेच, पण तो मर्यादित आहे. १९५२ च्या चलच्चित्र कायद्याखाली केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ प्रमाणपत्र देते. १९८३ पासून ‘यू’ आणि ‘ए’ यांच्या मधोमध ‘यूए’ हा वर्ग आला, आणि २०२३ च्या दुरुस्तीने त्याचे सात, तेरा आणि सोळा वर्षे असे तीन टप्पे झाले. हा बदल चांगला आहे. तरीही ‘यू’ याचा अर्थ प्रदर्शनावर वयाचे बंधन नाही एवढाच होतो; चित्रपट चार वर्षांच्या मुलाला समजेल, मानवेल किंवा त्याच्यासाठी केलेला आहे, असे त्यातून कोणीही म्हटलेले नाही. ‘यूए ७+’ हादेखील पालकांना दिलेला सल्ला आहे. पाच वर्षांच्या मुलाला घेऊन आई-वडील आले तर त्यांना दारावर अडवण्यासाठी तो नाही. ओटीटीवर तर २०२१ च्या नियमांनुसार वर्गवारी कंपन्या स्वतःच करतात, आणि पालकांसाठी कुलुपाची सोय बंधनकारक आहे ती तेरा वर्षे आणि त्यावरील वर्गासाठी. म्हणजे चार ते सात या वयोगटासाठी, जिथे एकेका वर्षाने मुलाची समज बदलते, तिथे कायदा जवळपास काहीच सांगत नाही. हे त्याचे न्यून आहे असेही मी म्हणणार नाही. एवढी बारीक निवड मंडळाच्या शिक्क्याने होणारी नव्हेच. ती माहिती असलेल्या पालकानेच करायची असते. आणि ती माहिती देणारे वृत्तपत्राखेरीज दुसरे कोण आहे?

आता मूळ मुद्द्याकडे येते. कौटुंबिक विनोदी चित्रपटाची मांडणी ठरलेली असते. घरातील कोणीतरी रुसते, भांडण होते, घर विस्कटते, त्या विस्कटण्याची भरपूर गंमत होते आणि शेवटी सगळे एकमेकांच्या गळ्यात पडतात. मोठ्या माणसाला आणि नऊ-दहा वर्षांच्या मुलालाही पहिल्या दहा मिनिटांतच ठाऊक असते की शेवट गोड होणार आहे, आणि ते ठाऊक असते म्हणूनच मधल्या गोंधळाला हसता येते. लहान मुलापाशी ही खात्री नसते. त्याच्यासमोर जे घडत असते तेवढेच त्याच्यापुरते खरे असते.

आमच्या सोसायटीत मे महिन्यात क्लब हाउसमध्ये पडदा लावून मुलांना असा एक चित्रपट दाखवला गेला. त्यातील आई नवऱ्याशी भांडून बॅग घेऊन बहिणीकडे निघून जाते आणि इकडे वडिलांची त्रेधा उडते. दूध उतू जाते, सगळे कपडे गुलाबी होतात, तान्हे बाळ धुण्याच्या टोपलीत झोपते. मागे बसलेली मोठी मुले खुर्च्यांवर उड्या मारत हसत होती. पुढच्या सतरंजीवर मोठ्या गटातला एक मुलगा बसला होता. तो आधी गुडघ्यांवर उठून पडद्याच्या कडेला पाहत राहिला, जणू ती बाई चौकटीबाहेर कुठेतरी उभी असावी. मग उठून आजीजवळ आला आणि तिच्या पदराचे टोक मुठीत धरून त्याने विचारले, “बाळाची आई कुठे गेली?” आजी म्हणाल्या, “येईल रे राजा, बघ ना बाबांची कशी गंमत होतेय ते.” थोड्या वेळाने पुन्हा तेच, आणि पुन्हा तेच. आई परत आली, सगळ्यांनी तिला मिठी मारली, हॉलमध्ये टाळ्या पडल्या, तेव्हा तो आजीच्या खांद्यात तोंड खुपसून बसलेला होता. जो क्षण त्याला धीर देणार होता तोच त्याने पाहिला नाही. चित्रपटात मारामारी नव्हती, भूत नव्हते, वाईट शब्द नव्हता. कोणत्याही फुटपट्टीने तो ‘स्वच्छ’ चित्रपट होता, आणि नऊ वर्षांच्या मुलांसाठी तर उत्तमच होता.

हे एका हळव्या मुलाचे उदाहरण म्हणून सोडून देता येणार नाही. बालमानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी साधारण दोन ते सात वर्षे हा जो टप्पा सांगितला, त्यात मूल समोर दिसणाऱ्या एखाद्या ठळक गोष्टीला धरून विचार करते आणि मागचे-पुढचे जोडून पाहणे त्याला अजून जड जाते. ‘शेवटी चांगला धडा मिळतो’ हे समर्थन म्हणूनच या वयाला लागू पडत नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मारी-लुईझ मारेस यांनी एका सहकाऱ्यासह २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बालवाडीच्या वयाच्या मुलांना एका कार्टूनचा भाग दाखवला होता. त्यात तीन पायांच्या एका कुत्र्याला बाकीचे कुत्रे आधी बिचकतात आणि अखेर त्याला आपलेसे करतात. जे वेगळे दिसतात त्यांना दूर लोटू नये, हा धडा मोठ्यांना उघड दिसतो. मुलांना विचारल्यावर मात्र तो त्या व्यापक अर्थाने फारच थोड्यांना सांगता आला आणि कित्येकांनी तो कुत्र्यांपुरताच सांगितला. ज्यांनी लहान मुलांना गोष्टी सांगितल्या आहेत त्यांना याचे नवल वाटणार नाही. वीस मिनिटे चिडवणे आणि दोन मिनिटे माफी, असा हिशेब असेल तर मूल वीस मिनिटांचे घेऊन घरी जाते.

चिडवण्यावरून मी ज्याला सर्वांत जास्त महत्त्व देते त्या गोष्टीविषयी लिहिते. अशा चित्रपटात हसू कोणावर आहे, हे पालकांनी पाहावे. लठ्ठ मावशी, अडखळत बोलणारा शेजारी, कमी ऐकू येणारे आजोबा, सावळी किंवा चष्मा लावणारी मुलगी, यांच्या असण्यालाच हसवले जात आहे का? घरातील मूल वडिलांना मूर्ख ठरवते आणि दर वेळी बाजी मारते, हाच विनोद पुन्हा पुन्हा येतो का? मोठ्या प्रेक्षकाला त्यातील अतिशयोक्ती कळते. चार वर्षांच्या मुलाला एवढेच कळते की हे वाक्य बोलले की सगळे हसतात. आमच्या छोट्या गटातल्या एका गोड मुलीने डब्याच्या वेळी सतरंजी घालणाऱ्या मावशींना, “ए ढोली, सरक ना,” असे म्हटले आणि लगेच मान वळवून आमच्या सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यावर दुष्टपणाचा लवलेश नव्हता. टीव्हीवर या वाक्यानंतर जो खदखदाट ऐकू येतो त्याची ती वाट पाहत होती. तो आला नाही तेव्हा ती गोंधळली, आणि मावशींच्या डोळ्यांत पाणी का आले हे तर तिला मुळीच उमगले नाही. मावशींनीच तिला जवळ घेतले, हा त्यांचा मोठेपणा. पण शिकवण्यासारखी गोष्ट नेमकी कोणाला शिकवायची होती, याचा विचार मी त्या दिवशी बराच वेळ केला.

मारझोडीच्या विनोदाबद्दल पालक त्या मानाने जागरूक असतात, म्हणून थोडक्यात सांगते. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बालवाडीतल्या मुलांच्या एका गटाला प्रत्यक्ष माणूस, दुसऱ्याला चित्रफितीतला माणूस आणि तिसऱ्याला कार्टूनच्या मांजराच्या वेषातले पात्र एका बाहुल्याला बदडताना दाखवले होते. यांपैकी काहीच न पाहिलेल्या मुलांपेक्षा तिन्ही गट अधिक आक्रमक वागले. कार्टून आहे म्हणून परिणाम झाला नाही, असे घडले नाही. कौटुंबिक विनोदात हे शिडीवरून पडणाऱ्या, विजेचा झटका बसून केस उभे राहणाऱ्या बाबांच्या रूपाने येते, आणि पुढच्याच दृश्यात ते ठणठणीत असतात. मला त्यातील पडण्यापेक्षा हे ठणठणीत होणे अधिक खटकते, कारण आपटले की लागते हे ज्या वयात शिकायचे असते त्याच वयात ते उलटे दाखवले जाते. शी-शूच्या विनोदांविषयी मात्र मला विशेष चिंता वाटत नाही. ते मुले कार्टून न पाहताही करतात आणि यथावकाश सोडून देतात.

याचा अर्थ मुलांना गुळगुळीत, कोणी कोणावर कधी रागावत नाही अशाच गोष्टी दाखवाव्यात, असे मी म्हणत नाही. तसे करणे मुलांवर अन्याय होईल. खोडकर नायक मुलांना हवा असतो, आणि मोठ्यांची थोडी फजिती झालेली पाहण्याचा आनंद त्यांचा हक्काचा आहे. भीतीचेही तसेच. लेकीकडे निघालेल्या म्हातारीला वाटेत गाठून ‘तुला खातो’ म्हणणारा वाघ आपण पिढ्यान्‌पिढ्या तीन वर्षांच्या मुलांना सांगत आलो आहोत. पण ती गोष्ट सांगणारी आजी मुलाच्या चेहऱ्याकडे पाहत असते. डोळे फार मोठे झाले की ती वाघाचा आवाज खाली आणते, म्हातारीला लवकर भोपळ्यात बसवते, आणि मूल पेंगत असेल तर वाघ गाळूनही टाकते. पडद्याला मुलाचा चेहरा दिसत नाही. म्हणून ते काम शेजारी बसलेल्या माणसाला करावे लागते, आणि मुलाला मोबाइल देऊन स्वयंपाकाला लागलेल्या आई-बाबांना ते करता येत नाही. त्यांना मी दोष देत नाही. दोघेही नोकरी करतात, घरी तिसरे कोणी नसते, आणि तो अर्धा तास त्यांना खरोखरच हवा असतो. त्या अर्ध्या तासात काय दाखवावे हे त्यांना आधी कळावे, यासाठीच तर हे पत्र आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास पडद्याची मर्यादा सांगितली आहे. एकच तास असेल तर तो निवडून देण्याला अधिकच महत्त्व येते, आणि दीड-दोन तासांचा चित्रपट या वयाच्या मुलाला एका बैठकीत दाखवू नये, हेही ओघानेच आले.

मुलांच्या वयाचा असा विचार करणे पुण्याला नवे नाही. बालभारती इयत्तेनुसार शब्द आणि वाक्यांची लांबी तोलून पाठ्यपुस्तके तयार करते. १९८० च्या दशकात डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने बर्लिनहून पुण्यात आलेल्या ग्रिप्स नाट्यचळवळीने मुलांचे खरे प्रश्न, त्यांच्या घरातली भांडणेसुद्धा, रंगमंचावर आणली. कौटुंबिक तंटा हा विषयच मुलांना वर्ज्य नाही, हे त्या नाटकांनी दाखवून दिले. मात्र तिथे तो मुलाच्या उंचीवरून पाहिलेला असे आणि हसू मुलाच्या किंवा दुबळ्याच्या जिवावर उभे नसे. ज्या शहरात हे झाले त्या शहरातील वृत्तपत्राने ॲनिमेशनपटाला तीन तारे आणि एक विशेषण देऊन मोकळे व्हावे, हे मला योग्य वाटत नाही.

म्हणून आपल्याला माझी विनंती अशी आहे. मुलांनी पाहण्याजोग्या म्हणून ज्या चित्रपटांची जाहिरात होते, त्यांच्या परीक्षणाखाली पाच-सहा ओळींची एक चौकट द्यावी. त्यात समीक्षकाने आपल्या अंदाजाने वय सांगावे आणि, त्याहून महत्त्वाचे, कारण सांगावे. ‘आई घर सोडून जाते आणि सुमारे अर्धा तास परतत नाही’, ‘जाड मुलाला सतत चिडवले आहे, माफी शेवटी एकदाच’, ‘आजोबांचा मृत्यू दाखवला आहे, पण त्याविषयी घरातील माणसे मुलाशी नीट बोलतात’ अशी साधी विधाने पालकांना कोणत्याही आकड्यापेक्षा अधिक उपयोगी पडतील, कारण आपले मूल कशाला घाबरते आणि कशाची नक्कल करते हे पालकांना समीक्षकापेक्षा चांगले माहीत असते. ज्या घरात नुकतेच आजोबा गेले आहेत त्या घराने हे वाचून चित्रपट टाळावा किंवा मुद्दाम पाहावा, तो निर्णय त्यांचा. गोष्टीचा शेवट फुटेल म्हणून समीक्षक असे लिहायला बिचकतात हे मी जाणते. पण चार वर्षांच्या मुलाच्या पालकांना रहस्य राखण्यापेक्षा पूर्वकल्पना मिळणे अधिक गरजेचे असते. परीक्षण मूळ भाषेतील आवृत्तीचे आहे की आपल्याकडे डब होऊन आलेल्या आवृत्तीचे, हेही नमूद करावे, कारण डबिंगमध्ये संवाद पुष्कळ बदलतात आणि मुलांच्या तोंडी बसतात ते हेच संवाद.

सोसायट्या, वाचनालये आणि सुट्टीतली शिबिरे भरवणाऱ्या मंडळांनाही या निमित्ताने सांगावेसे वाटते की, निवडलेला चित्रपट आयोजकांपैकी एकाने तरी आधी संपूर्ण पाहावा, आणि शक्य असेल तिथे सहा वर्षांखालील मुलांसाठी वेगळा, लहान कार्यक्रम ठेवावा. आठ-दहा मिनिटांच्या दोन-तीन फिती आणि मध्ये गाणी-गप्पा, एवढे त्या वयाला पुरते.

चौकटीची कल्पना आपल्याला पटली तर परीक्षण रविवारच्या पुरवणीऐवजी शुक्रवारच्या अंकात घ्यावे, अशीही विनंती आहे. रविवारी ते वाचनात येईपर्यंत बहुतेकांचे शनिवारचे खेळ पाहून झालेले असतात.

आपली नम्र,
एक निवृत्त बालवाडी शिक्षिका,
कोथरूड, पुणे